कानाचं मशीन आवाज देतं, पण शब्द कळत नाहीत: दुकानात नेण्याआधी काय तपासावं

आधी लक्षणं लिहितो. तुमच्या किंवा घरच्यांच्या मशीनला यातलं काय होतंय ते बघा.

• आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आमच्याकडं हे असं सांगतात: ‘समदं ऐकू येतंय, पण काय बोलत्यात ते कळंना.’
• घरात बरं चालतं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये गेलं की नुसता गलका. ‘नॉइज कॅन्सलेशन’वालं म्हणून घेतलं, ते चालतच नाही असं वाटतं.
• आवाज हळूहळू दबत गेला. एका बाजूचं मशीन दुसऱ्यापेक्षा मंद आहे.
• खरखर, मधेच तुटणं. पावसाळ्यात किंवा घाम आल्यावर जास्त.
• जेवताना, हसताना, फोन कानाला लावताना शिट्टी.
• पेटीचा किंवा देवळातल्या घंटेचा सूर थरथरल्यासारखा येतो.
• स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं.

शेवटची दोन लक्षणं बिघाडाची नसतात, सेटिंगची किंवा डोमची (कानात जाणाऱ्या रबरी टोपीची) असतात. त्यांच्याकडं खाली येतो. बाकीच्या तक्रारी घेऊन जी मशीनं माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात, त्यातली बरीच कॉम्प्युटरला न जोडताच सुधारतात. कुठंतरी छिद्र बुजलेलं असतं, सेल मेलेला असतो, आत ओल असते किंवा डोम चुकीचा असतो. गिऱ्हाईक मात्र ‘नॉइज कॅन्सलेशन वाढवून द्या’ म्हणत आलेलं असतं. वाढवून दिलं की बोलणं आणखी दबतं आणि आठवड्यानं तेच मशीन परत येतं.

गोंगाट कमी करणं म्हणजे आत नेमकं काय होतं

हे कळलं की पुढच्या तपासण्या याच क्रमानं का, ते कळेल.

हेडफोनमधलं अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलटी लहर तयार करून तो आवाज मारतं. त्यासाठी कान नीट बंद असावा लागतो, आणि विमानाच्या घरघरीसारख्या जाड, सलग आवाजावर ते उत्तम चालतं. कानाच्या मशीनमध्ये सहसा हा प्रकार नसतो, खोक्यावर काहीही छापलेलं असो. तिथं दोन वेगळी कामं चालतात. एक म्हणजे मशीनवरच्या दोन माइकांनी समोरचा आणि मागचा आवाज ओळखून मागचा कमी करायचा. दुसरं म्हणजे आवाजाचे जाड-बारीक असे पट्टे पाडायचे आणि ज्या पट्ट्यात सलग घरघर आहे तिथला जोर उतरवायचा. बोलणं सेकंदात कितीतरी वेळा वर-खाली होतं, पंखा होत नाही. मशीन त्यावरूनच दोन्हीतला फरक ओळखतं.

म्हणून पंखा, कूलर, गिरणीची मोटर कमी होते. शेजारच्या टेबलावर मिसळ खात बसलेल्या चौघांच्या गप्पा मात्र तितक्या कमी होत नाहीत. मशीनच्या लेखी तेही बोलणंच. न्यूरल नेटवर्क चालवणाऱ्या चिपची नवी मशीनं यात बरीच पुढं गेली आहेत, पण गलका शून्य करणारं मशीन मी अजून हाताळलेलं नाही.

मुलानं पुण्याहून किंवा परदेशातून इअरबड पाठवले, असंही आता होतं. एअरपॉड्स प्रोमधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं) सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ती सौम्य ते मध्यम दोष असलेल्या प्रौढांसाठी आहे. त्यात हेडफोनसारखं खरं कॅन्सलेशन आहे, कारण ते कान बंद करून बसतात. आजोबांना समोरून ओरडून सांगावं लागत असेल, तर ते काम इअरबडचं नाही.

ध्यानात ठेवायचं ते एवढंच: दोन्ही माइक मोकळे, आवाजाची वाट मोकळी आणि डोम योग्य असेल तरच वरची दोन्ही कामं होतात.

१. फुकटची तपासणी: अ‍ॅप, प्रोग्रॅम, डावं-उजवं

मशीन बंद करून परत चालू करा. बहुतेक मशीनं त्यानंतर मूळ प्रोग्रॅमवर, म्हणजे रोजच्या वापराच्या सेटिंगवर, येतात. नातवानं अ‍ॅपमध्ये हात घातलेला असतो किंवा हॉटेलात लावलेला ‘रेस्टॉरंट’ प्रोग्रॅम तसाच राहिलेला असतो. त्या प्रोग्रॅममध्ये मशीन फक्त समोरचं घेतं. स्वयंपाकघरातून सूनबाईनं मारलेली हाक मग ऐकू येत नाही आणि घरात भांडण लागतं.

लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. दोन्ही कानांचा दोष वेगळा असेल तर अदलाबदल झाल्यावर एका बाजूला कर्कश आणि दुसऱ्या बाजूला मंद वाटतं. चश्मा काढून मशीन घालणाऱ्या आजी-आजोबांचं हे हमखास होतं.

२. सेल

बटणासारखे सेल झिंक-एअर प्रकारचे असतात, म्हणजे हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर सेल लगेच आत घालू नका, तीन-चार मिनिटं मोकळा ठेवा. हवा आत जाऊन तो पूर्ण ताकदीवर येऊ द्या. लगेच घातला की सुरुवातीलाच दमतो आणि लोक ‘सेल डुप्लिकेट आहे’ म्हणत येतात. उलट, एकदा स्टिकर काढला की वापरा न वापरा, तो उतरत जातो. परत स्टिकर चिकटवून फायदा नाही. फ्रीजमध्येही ठेवू नका, ओल धरते.

स्टिकरच्या रंगावरून नंबर कळतो: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. ३१२ चा सेल दिवसभराच्या वापरात साधारण आठवडाभर जातो. मोबाइलचा आवाज ब्लूटूथवरून मशीनमध्ये घेत असाल तर त्याहून लवकर संपतो.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपची मंडळी मल्टिमीटर लावून ‘व्होल्टेज फुल आहे’ म्हणतात. भार नसताना दमलेला सेलही चांगलं व्होल्टेज दाखवतो. मोठा आवाज आला की तोच सेल खरखरतो. त्यामुळं मीटर ठेवा बाजूला आणि नवीन कार्डातला सेल घालून बघा. यापेक्षा स्वस्त तपासणी नाही.

चार्जिंगचं मशीन असेल तर त्याचे आणि चार्जरचे पितळी टोक कोरड्या सुती कापडानं पुसा. रात्रभर डबीत होतं पण चार्जच झालं नव्हतं, हे फार वेळा दिसतं. आतली लिथियम बॅटरी स्वतः उघडायची नाही.

आणि घरात लहान मूल असेल तर जुने सेल टेबलावर पडू देऊ नका. मुलानं गिळला तर वाट न बघता थेट दवाखाना.

३. मळ, वॅक्स गार्ड आणि कानातलं तेल

दबक्या आवाजाचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

ज्या मशीनची बारीक तार कानात जाते, तिच्या टोकाला रिसिव्हर, म्हणजे छोटा स्पीकर असतो. त्याच्या तोंडावर मिलिमीटरभराची पांढरी जाळी असते, ती वॅक्स गार्ड. मळ आत जाऊ नये म्हणून ती स्वतः बुजते. बुजणं हेच तिचं काम. ती पूर्ण बुजली तर मशीन ‘बंद पडलं’ म्हणून लगेच लक्षात येतं. अर्धवट बुजली तर मात्र आवाज येत राहतो आणि बोलण्यातला बारीक भाग मरतो. स, श, त, फ ही अक्षरं बारीक आवाजाची. ती गेली की ‘साप’ काय आणि ‘ताप’ काय, दोन्ही ‘आप’. आवाज येतो पण कळत नाही, ते बऱ्याचदा यामुळं.

डोम ओढून काढा. वॅक्स गार्डच्या पाकिटातल्या काडीला दोन टोकं असतात: रिकाम्या टोकानं जुनी जाळी सरळ बाहेर ओढायची, दुसऱ्या टोकावरची नवी जाळी सरळ दाबायची. वाकडं करू नका. टाचणी, सुई, काडेपेटीची काडी आत घालू नका. मळ पुढं ढकलला जातो आणि रिसिव्हर फाटतो. जाळीशिवायही मशीन घालू नका. कंपनीप्रमाणे जाळ्या वेगळ्या असतात, म्हणून दुकानात जाताना मशीन किंवा जुनं पाकीट सोबत न्या. डोम परत बसवताना घट्ट बसला का ते ओढून बघा. सैल डोम कानात राहिला तर स्वतः चिमट्यानं काढत बसायचं नाही, कानाच्या डॉक्टरांकडं जायचं.

कानामागच्या मशीनला नळी आणि मोल्ड (कानाच्या साच्यावरून केलेला, कानात बसणारा तुकडा) असेल तर नळीत पाण्याचे थेंब दिसतात का बघा. मोल्ड नळीसकट मशीनपासून सुटा करून कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा, रबरी फुग्यानं नळीत हवा मारा आणि रात्रभर वाळू द्या. मशीनला पाणी लावायचं नाही. नळी पिवळी, कडक झाली असेल तर तिचं आयुष्य संपलं. तीन ते सहा महिन्यांत ती बदलावीच लागते आणि ते काम दुकानात दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

आता तेल. रविवारी डोक्याला तेल लावताना दोन थेंब कानात सोडायची सवय आपल्याकडं जुनी आहे. मशीन वापरणाऱ्यानं ती सोडावी. तेल जाळीतून झिरपतं, रिसिव्हरच्या पडद्यावर बसतं आणि वाळत नाही. पाणी वाळवता येतं, तेल येत नाही. अशा मशीनचा रिसिव्हर बदलण्याखेरीज मला दुसरा उपाय सापडलेला नाही.

४. माइकची छिद्रं

गर्दीत मशीन चालत नाही, ही तक्रार असेल तर इथं बघा. मशीनच्या पाठीवर दोन बारीक छिद्रं किंवा फटी असतात. दोन्ही माइक सारखे ऐकत असतील तरच पुढचं-मागचं वेगळं करता येतं. एक बुजला तर हिशेब चुकतो आणि मागचा गोंगाट समोरच्या बोलण्याइतकाच येतो. घरात शांततेत हे कळत नाही, बाजारात कळतं.

बुजतो कशानं? खोबरेल तेल, पावडर, हेअर डायचे डाग, आणि आपल्याकडं आणखी एक: कारखान्याची धूळ. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतली काळी वाळू, इचलकरंजीच्या मागांवरचा कापसाचा तंतू. या कामगारांचे कान आवाजानंच गेलेले असतात आणि त्यांचंच मशीन सगळ्यात जास्त बुजतं. तंतू तर जाळीवर नमद्यासारखा बसतो.

कोरडा मऊ ब्रश घ्या, मशीन उलटं धरा म्हणजे कचरा खाली पडेल, आणि छिद्रावरून हलकेच फिरवा. स्पिरिट नको, ओला कापूस नको. आणि वर्कशॉपमधली एअर गन अजिबात नको. एका फटक्यात धूळ निघते खरी, पण माइकचा पडदाही जातो.

घरच्या घरी चाचणी: गर्दीचा प्रोग्रॅम लावून खुर्चीत बसा, मागं रेडिओ लावा, ऐका, मग रेडिओकडं तोंड करून बसा. समोर आल्यावर आवाज थोडा तरी उघडला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच असेल तर माइकवर संशय घ्या.

एक सूचना इथंच देतो. मशीन कानात आहे म्हणजे कानाचं संरक्षण झालं, असं नाही. मागावर किंवा फाउंड्रीत काम करताना मशीन काढा आणि इअरमफ घाला. मिरवणुकीत डॉल्बीसमोर तर थांबूच नका.

५. ओल

जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्या टेबलावर खरखरीचाच हंगाम असतो. गगनबावडा, राधानगरीकडून येणारी मशीनं उघडली की सेलच्या कप्प्यात हिरवट डाग दिसतात. बाकीच्या महिन्यांत हेच काम हेल्मेटमधला घाम करतो. खोक्यावर आयपी ६८ लिहिलं असलं तरी ते धूळ आणि साध्या पाण्याच्या चाचणीचं आहे. रोजचा खारट घाम आणि तेल हा वेगळा मामला.

झाकणाची घट्ट डबी आणि सिलिका जेल आणा. रात्री सेल काढून, सेलचं दार उघडं ठेवून मशीन डबीत ठेवा. सेल डबीबाहेर, नाहीतर तोही सुकून कमजोर होतो. जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी (काहींत केशरीचे हिरवे) झाले की ते ओलीनं भरले; पाकिटावर लिहिलं असेल तसे वाळवा किंवा नवे घ्या. चार्जिंगच्या मशीनसाठी वाळवणारा चार्जर मिळतो. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ छिद्रात जातं. हेअर ड्रायर, गॅसजवळची फळी, दुपारचं ऊन, हे तिन्ही नको.

दोन-तीन रात्री वाळवून खरखर गेली तर निदान झालं. गेली नाही तर आत गंज आहे. मग घरी आणखी काही करायचं नाही.

६. डोम आणि मोल्ड

गोंगाटाच्या तक्रारीत मशीनइतकाच डोमचा हात असतो, आणि विकताना हे कुणी सांगत नाही. भोकांचा, उघडा डोम घातला की बाहेरचा जाड आवाज मशीनला वळसा घालून सरळ कानाच्या पडद्यावर जातो. बसची घरघर मशीननं कमी केली तरी ती बाजूनं आत येतेच. शिवाय मशीनमधून येणारा आवाज काही मिलिसेकंद उशिरा पोचतो. थेट आलेला आणि उशिरा आलेला एकमेकांत मिसळले की बोलणं पोकळ लागतं. फोन ब्लूटूथवर पातळ, किणकिणा वाटतो तोही यामुळं, कारण जाड आवाज भोकांतून निसटून जातो.

मग बंद डोम घालावा? घातला की गोंगाट कमी होतो, पण स्वतःचं बोलणं घुमायला लागतं. जाड आवाज तुम्हाला चांगले ऐकू येत असतील तर हे घुमणं असह्य होतं. मधला मार्ग ऑडिओलॉजिस्टनं (श्रवणतज्ज्ञानं) ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बघून काढायचा. डोमचा माप-प्रकार बदलला की सेटिंगही बदलावं लागतं. नुसता डोम बदलून घरी जाऊ नका.

शिट्टी येत असेल तर बहुधा डोम लहान आहे किंवा नीट आत गेलेला नाही. मशीन मुठीत धरल्यावर शिट्टी आली तर घाबरायचं नाही, मशीन जिवंत असल्याची ती खूण आहे.

पैलवानांची गोष्ट वेगळी. तालमीत कान मोडलेला असला की कानाची पाळी गड्ड्यासारखी घट्ट होते, कानामागं मशीन टेकत नाही आणि तयार मोल्ड बसत नाही. अशा वस्तादांना आवाज वाढवून देण्यात अर्थ नाही; कानाचा साचा घेऊन मोल्ड करून घ्यावा. साचा घेणाऱ्याला आधीच सांगा म्हणजे तो घाई करणार नाही.

७. कान

मशीन ठीक आहे, जाळी नवी आहे, तरी सगळ्या प्रोग्रॅममध्ये आवाज दबका: मग कानातच मळ असेल. मळावर आवाज आपटून परत येतो, त्यानं शिट्टीही वाढते. कापसाची काडी, हेअरपिन आणि रस्त्यावर कान कोरून देणारा, यापैकी कुणालाच हात लावू देऊ नका. कान-नाक-घसा तज्ज्ञ पाच मिनिटांत काढतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही हा विभाग आहे.

मळ काढल्यावर मशीन घालून घरच्यांनी मागं उभं राहून एक-एक आवाज काढावा: म, ऊ, ई, आ, श, स. ओठ दिसता कामा नयेत. जाड ‘म’पासून बारीक ‘स’पर्यंत बोलण्याचा सगळा पल्ला यात येतो. कोणता ऐकू आला नाही ते कागदावर लिहून ठेवा. ‘नीट ऐकू येत नाही’ यापेक्षा ‘श आणि स उजव्या कानाला येत नाहीत’ हे वाक्य ऑडिओलॉजिस्टला दहापट उपयोगी पडतं.

८. सेटिंग

एवढं झाल्यावरच मशीन कॉम्प्युटरला लावायची वेळ येते, आणि ते काम ऑडिओलॉजिस्टचं. भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंद असलेली व्यक्ती आहे का ते विचारायला लाजू नका. ऑडिओग्राम वर्षापेक्षा जुना असेल तर आधी तो नवा करा. जुन्या तपासणीवर केलेलं सेटिंग म्हणजे गेल्या वर्षीच्या कानाला केलेलं सेटिंग. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोचतो ते मोजण्याची सोय असेल तर ती करून घ्या. अंदाजानं बटणं फिरवण्यापेक्षा ते कधीही बरं.

पेटीचा सूर थरथरणं इथं सुटतं. शिट्टी दाबणारी यंत्रणा लांबलेल्या सुराला शिट्टी समजते आणि कापायला जाते. संगीताचा वेगळा प्रोग्रॅम मागा, ज्यात ही यंत्रणा आणि गोंगाट कमी करणं दोन्ही सैल असेल. भजनी मंडळातल्या माणसानं हे पहिल्याच दिवशी सांगावं.

नवीन मशीन असेल तर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजसुद्धा बोचतो. त्यावर लगेच सेटिंग उतरवत बसू नका, रोज घाला. गर्दीत मात्र स्वतः मदत करा: गोंगाट पाठीमागं आणि बोलणारा समोर, हातभर अंतरावर येईल अशी जागा धरा. त्या एका खुर्चीचा फरक महागड्या प्रोग्रॅमइतका पडतो.

इथं थांबा

तार तुटली, कप्प्यात गंज दिसला, मशीन पाण्यात पडलं, चार्जिंगचं मशीन फुगलं किंवा गरम व्हायला लागलं: उघडू नका, चार्जरला लावू नका, दुरुस्तीला द्या. वॉरंटीत असताना बाहेर उघडलं तर वॉरंटी जाऊ शकते.

मशीनचा संबंध नसलेल्या गोष्टींत तर आमच्या दुकानात यायचंच नाही. कान वाहतोय, दुखतोय, चक्कर येतेय, एकाच कानात नव्यानं आवाज घुमतोय, किंवा एक-दोन दिवसांत एका कानाचं ऐकणं एकदम खाली गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. ऐकणं अचानक गेलं असेल तर उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावे लागतात. सेल बदलून बघण्यात ते दिवस घालवू नका.

दुरुस्तीला देताना दोन्ही मशीनं, चार्जर, शेवटचा ऑडिओग्राम, वॉरंटी कार्ड आणि त्या सहा आवाजांचा कागद सोबत आणा. एकच मशीन बिघडलं असलं तरी दुसरं आणाच; दोन्ही शेजारी लावून ऐकलं की दोष पटकन सापडतो.